मांजराच्या वाटीतले दाणे: जहाजावरच्या बिस्किटापासून टॉरिनपर्यंत

ज्यांना ट्रेनमध्ये हेडफोन लावून ऐकायला आवडतं त्यांनी हा भाग ऐकलाच असेल. ज्यांना वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे हेडफोन मांजराने कुरतडलेत, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, थोडी साफसफाई केलीय इतकंच.

विषय आहे मांजराचं ड्राय फूड. हो, तेच, वाटीत ओतलं की खळखळ आवाज करणारे तपकिरी दाणे. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे कुठून आलं? तर ते आलं आमच्या गुंड्यामुळे.

गुंड्या म्हणजे आमचा बोका. दोन महिन्यांचा असताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडला आणि चौथ्या मजल्यावर येऊन राहिला. पहिले काही दिवस दूध-भात. मग मी ‘शहाणी’ झाले आणि दुकानातून दाण्यांची मोठी पिशवी आणली. पिशवीवर कुत्र्याचं चित्र होतं. पण दाणे तर सारखेच दिसतात, आणि किलोमागे किंमत बरीच कमी. गुंड्याही आवडीने खायचा. मला वाटलं, काम झालं.

तीन-चार महिन्यांनी लसीसाठी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सहज विचारलं, “खायला काय देता?” मी मोबाईलवर पिशवीचा फोटो दाखवला. डॉक्टर म्हणाले, “ताई, हे कुत्र्याचं आहे. मांजराला वर्षानुवर्षं हेच दिलंत तर डोळे जातील, नाहीतर हृदय जाईल. आजच बदला.”

मी गारच पडले. दाण्यांवरून डोळे जातात? घरी आल्यावर शोधायला लागले, आणि त्या शोधात जो इतिहास सापडला तो आज तुम्हाला सांगायचाय. पाकिटावर आज जी प्रत्येक ओळ छापलेली असते ना, तिच्यामागे कुठलीतरी चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत कुठल्यातरी मांजरांनी मोजलेली आहे.

मांजराला ‘खायला घालायचं’ कधीपासून?

थोडं मागे जाऊ. सायप्रस बेटावर साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. माणसाच्या शेजारी, हातभर अंतरावर, मांजर पुरलेलं. आपल्या घरातल्या सगळ्या मांजरांचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशियातली रानमांजरं. माणूस शेती करायला लागला, धान्य साठवायला लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. करार साधा होता. तू उंदीर मार, आम्ही तुला हाकलणार नाही. जेवणाची जबाबदारी ज्याची त्याने बघायची.

हा करार आपल्याकडेही अगदी काल-परवापर्यंत चालू होता. माझी आजी कोकणातली. तिच्या घरी मांजराला ताटातला उरलेला भात, माशाचं डोकं, कधी वाटीभर दूध. ती म्हणायची, “मांजराला काय वेगळं रांधायचं?” आणि तिची मांजरं टुणटुणीत होती. शाकाहारी घरांतही दूध-भातावर, दूध-पोळीवर मांजरं जगायचीच की. मग दूध-भात चांगला होता का? तर नाही. दूध-भात ही फक्त वरची कमाई होती. खरं जेवण माळ्यावर, परसात, गवताच्या गंजीत चालायचं. उंदीर, पाली, पाखरं, नाकतोडे. आजीला ते दिसायचं नाही, इतकंच.

उंदीर मारण्याच्या या कामाची सरकारी पातळीवर दखल घ्यायचा प्रयत्नही आपल्याकडे झालाय बरं का. प्लेगच्या काळात, १९०८च्या सुमारास, अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेले ब्यूकॅनन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजरं पाळून प्लेग रोखण्याबद्दल लिहिलं. ज्या गावांत मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विदर्भात मांजराकडे डॉक्टर ‘कर्मचारी’ म्हणून बघत होते.

आता गुंड्याचा विचार करा. चौथा मजला, खिडकीला जाळी, घरात उंदीर नाही. त्याच्यासाठी वाटीत जे पडेल तेच सगळं जग. ही परिस्थिती मांजराच्या इतिहासात अगदी नवी आहे, आणि पुढची सगळी गोष्ट तिच्यामुळे घडली.

लंडनचा मांसवाला

मांजरासाठी पैसे देऊन वेगळं खाणं विकत घेण्याची पद्धत शहरांनी सुरू केली. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये ‘कॅट्स मीट मॅन’ नावाचा फेरीवाला असायचा. घोडे तेव्हा शहरभर गाड्या ओढत, आणि मेले की त्यांचं मांस उकडून, तुकडे करून, काड्यांना टोचून दारोदार विकलं जाई. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या गरीब कष्टकऱ्यांवर मोठं काम केलं, त्यात त्याने या विक्रेत्यांच्या मुलाखती घेतल्या. लंडनमध्ये मांजरं किती, याचा हिशोब तो एका विक्रेत्याबरोबरच मांडत बसतो, आणि राहती घरं मोजून आकडा काढतो: ३ लाख. मला हा प्रसंग फार आवडतो. बाजारपेठेचा अंदाज, तोही मांजराच्या खाण्याचा, आणि काळ १८५०च्या आसपासचा!

पोषणाच्या दृष्टीने हा मांसवाला वाईट नव्हता. मांजराला मांस मिळत होतं, उरलेलं ते बाहेर फिरून मिळवत होतं.

त्याच लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस आला. हा वीजरोधक विकायचा. गोष्ट अशी सांगतात की बंदरावर खलाशांनी टाकलेली जहाजावरची कडक बिस्किटं कुत्री चघळताना त्याने पाहिली आणि त्याला धंदा सुचला. १८६०च्या सुमारास त्याने गव्हाचं पीठ, बीट, भाज्या आणि मांस असं मिसळून कुत्र्यांची बिस्किटं बाजारात आणली. कारखान्यात तयार झालेलं पाळीव प्राण्यांचं खाणं इथून सुरू होतं. त्यातलं मांस नेमकं कुठून येतं, हे मात्र कंपनीने गुलदस्त्यातच ठेवलं. घटकांची यादी लपवायची सवय किती जुनी आहे बघा.

१८७१मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. उंदीर मारणारं जनावर आता शोभेचं, लाडाचं झालं. स्प्रॅटच्या कंपनीने मांजरांसाठीही खाणं काढलं आणि जाहिरातीत सांगायला सुरुवात केली की घोड्याचं उकडलेलं मांस आरोग्याला वाईट, आमचं खाणं चांगलं. ‘तुम्ही आतापर्यंत देत होतात ते चुकीचं, आमचं बरोबर’ हा सूर तेव्हापासून आजच्या इन्स्टाग्राम रीलपर्यंत तसाच आहे.

डबा, युद्ध आणि माती

विसाव्या शतकात मोटारी आल्या, घोडे बेकार झाले. १९२२मध्ये अमेरिकेत घोड्याच्या मांसाचं डबाबंद खाणं सुरू झालं, केन-एल-रेशन नावाचं. ते कुत्र्यांसाठी होतं, पण पुढे डबाबंद खाण्याचा बाजार दोघांसाठीही वाढला. डब्यात पाणी भरपूर, मांस भरपूर. मग दुसरं महायुद्ध आलं. पत्रा आणि कथील युद्धासाठी लागत होतं, पाळीव प्राण्यांच्या डब्यांना ते मिळेना. कंपन्या सुक्या खाण्याकडे वळल्या. कागदी पिशवीत भरायचं, महिनोन्‌महिने टिकतं. युद्ध संपलं, पण लोकांना सोय कळली होती.

आणि आता एक घटना, जिचा खाण्याशी वरवर काही संबंध दिसत नाही. १९४७, मिशिगन राज्य. एड लोव नावाच्या तरुणाकडे शेजारीण आली. तिला मांजराच्या शी-शूसाठी काहीतरी हवं होतं, राख वापरून घरभर काळे पंजे उमटत होते. एडने तिला भाजलेल्या मातीचे दाणे दिले, जे कारखान्यांत सांडलेलं तेल शोषायला वापरत. कॅट लिटरचा जन्म झाला. आता मांजराला बाहेर सोडायची गरजच उरली नाही. ते चोवीस तास घरात राहू शकत होतं.

म्हणजे मांजर कायमचं घरात आलं. त्याचे उंदीर बंद झाले. आणि नेमक्या त्याच काळात त्याची वाटी डब्याकडून सुक्या दाण्याकडे वळत होती.

मका फुगवणारं यंत्र

सेंट लुईसची राल्स्टन प्युरिना कंपनी जनावरांचं खाद्यही बनवत होती आणि माणसांचं नाश्त्याचं सिरियलही. सिरियल बनवायला त्यांच्याकडे एक्स्ट्रूडर नावाचं यंत्र होतं. आपल्याकडचे कुरकुरीत फुगवलेले मक्याचे स्नॅक्स आठवा, तेच तंत्र. पीठ, पाणी, वाफ एका नळकांड्यात, आत फिरणारा मोठा स्क्रू, जबरदस्त दाब, १०० अंशांच्या वर तापमान. पुढच्या छोट्या भोकातून लगदा बाहेर पडतो, दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि लगदा फुगतो. पात्याने कापला की दाणा तयार. मग तो वाळवायचा.

१९५७मध्ये या तंत्राने बनवलेलं कुत्र्यांचं खाणं देशभर विक्रीला आलं, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मांजरांचं. आज तुमच्या वाटीत पडणारा दाणा याच यंत्राचा नातू.

इथे एक मुद्दा नीट ऐका. फक्त मांस या यंत्रात घातलं तर दाणा नीट फुगत नाही, नीट बांधलाही जात नाही. त्यासाठी पिष्ट लागतं: मका, तांदूळ, गहू, नाहीतर वाटाणा, बटाटा. म्हणजे ड्राय फूडमध्ये धान्य किंवा कंद असतो, तो मांजराला हवा म्हणून नसतो, यंत्राला हवा म्हणून असतो. ‘ग्रेन फ्री’ लिहिलेल्या पिशवीतही पिष्ट असतंच. गव्हाऐवजी वाटाणा असतो, एवढंच. मात्र शिजलेलं पिष्ट मांजर बऱ्यापैकी पचवतं, त्यामुळे ते विष वगैरे नाही. ते फक्त जागा अडवतं. ती जागा किती, हे बघायचं असतं.

शिवाय वाळलेला, धान्याचा दाणा मांजराने खावा कसा? म्हणून वरून चरबी फवारतात, आणि यकृत वगैरे अवयव एन्झाइमने विरघळवून केलेला अर्क फवारतात. पायरोफॉस्फेट नावाचे क्षार मांजरांना भलतेच आवडतात, तेही असतात. ‘आमचं मांजर दुसरं काही खातच नाही’ याचं गुपित या थरात आहे. आवडीने खातंय याचा अर्थ पौष्टिक आहे असा होत नाही. आपण पाणीपुरी आवडीने खातो, तसंच.

गंमत म्हणजे मांजराला गोड चव कळतच नाही. २००५मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की गोड ओळखणाऱ्या ग्राहीसाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरांत मोडलेलं आहे. लाखो वर्षं फक्त मांस खाल्लं, गोडाचं काय काम? जे वापरलं नाही ते मोडीत निघालं.

आंधळी होणारी मांजरं

हीच ‘मोडीत निघण्याची’ गोष्ट आपल्याला गुंड्याच्या डॉक्टरांपर्यंत घेऊन येते.

टॉरिन नावाचा एक पदार्थ आहे. १८२७मध्ये तो बैलाच्या पित्तातून वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये ‘टॉरस’ म्हणजे बैल, म्हणून टॉरिन. तो मांसात असतो, माशात असतो, उंदरात तर भरपूर. धान्यात जवळपास नसतोच. कुत्रा साधारणपणे तो आपल्या शरीरात गरजेपुरता तयार करतो. मांजर फारच थोडा करतं, कारण ज्याच्या रोजच्या जेवणात टॉरिन आहे त्याने तो बनवायचा कारखाना कशाला चालवायचा? वर पित्त तयार करताना मांजर सतत टॉरिनच खर्च करतं, दुसरा पर्याय त्याच्याकडे नाही.

१९७५मध्ये के. सी. हेस आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की दुधातल्या केसिन या प्रथिनावर वाढवलेल्या मांजरांचा डोळ्याचा पडदा खराब होतो, आणि कारण आहे टॉरिनची कमतरता. प्रथिनं भरपूर होती, हां. पण हवं ते नव्हतं. यानंतर मांजरांच्या खाण्यात टॉरिन किती असावं याचे आकडे ठरले आणि सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

तो मिटला नव्हता. त्या काळात मांजरांना हृदयाचा एक आजार मोठ्या प्रमाणावर होत होता. हृदय फुग्यासारखं पसरतं, भिंती पातळ होतात, रक्त ढकलता येत नाही. अमेरिकेत दरवर्षी हजारो मांजरं त्याने मरत. कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, उपचार जवळपास नव्हते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात पॉल पायन नावाचे तरुण पशुवैद्य हृदयरोगावर काम करत होते. त्यांनी अशा मांजरांच्या रक्तातलं टॉरिन मोजलं. ते कमी निघालं. मग त्यांनी टॉरिन तोंडाने द्यायला सुरुवात केली. आणि जी हृदयं कायमची गेली असं समजलं जायचं, ती परत नीट आकुंचन पावायला लागली.

ऑगस्ट १९८७मध्ये पायन, किटलसन, रॉजर्स आणि मॉरिस यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. बाजारातलं तयार खाणं खाणाऱ्या २१ मांजरांचा त्यात समावेश होता. आणि खरा धक्का इथे आहे: ते खाणं निकृष्ट नव्हतं. त्या वेळच्या मापदंडांनुसार त्यात टॉरिन पुरेसं होतं. पाकीट खोटं बोलत नव्हतं. मापदंडच अपुरा होता. कारण खाण्यात टॉरिन किती आहे आणि प्रक्रिया होऊन, आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीतून सुटून मांजराच्या रक्तात किती पोचतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. काही वर्षांत हा आजार दुर्मिळ झाला. मी हे वाचत असताना गुंड्या कीबोर्डवर झोपला होता. खरं सांगते, त्याला दोन-तीनदा उगाच हात लावून बघितलं.

आज अमेरिकेतल्या खाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची ॲफ्को ही संघटना जे प्रमाण सांगते त्यात ड्राय फूडमध्ये किमान ०.१० टक्के आणि डबाबंद खाण्यात त्याच्या दुप्पट, ०.२० टक्के टॉरिन लागतं, दोन्ही पाणी वगळून. दुप्पट का, तर डब्यात शिजवण्याच्या पद्धतीमुळे टॉरिन जास्त वाया जातं. कुत्र्याच्या खाण्याला अशी किमान अट नाही. म्हणून माझी स्वस्तातली पिशवी गुंड्यासाठी धोक्याची होती.

टॉरिन एकटं नाही. गाजरातल्या कॅरोटिनपासून आपण ‘अ’ जीवनसत्त्व बनवतो, मांजर बनवू शकत नाही, त्याला ते तयारच हवं. अरॅकिडोनिक नावाचं स्निग्धाम्ल त्याला प्राण्यांच्या चरबीतूनच मिळतं. आर्जिनिन नसलेलं एखादंच जेवण दिलं तर रक्तात अमोनिया चढून मांजर काही तासांत आजारी पडतं, हे १९७८मध्ये डेव्हिसच्याच मॉरिस-रॉजर्स यांनी दाखवलं. म्हणून शाकाहारी घरातल्या मित्रमैत्रिणींना प्रेमाने सांगते: तुमचं ताट तुमच्या तत्त्वांनी ठरवा, मांजराचं त्याच्या शरीराने ठरू दे.

आकडा फसवतो तेव्हा

आता २००७. मार्च महिन्यात उत्तर अमेरिकेत एकापाठोपाठ एक मांजरं-कुत्री मूत्रपिंड निकामी होऊन दगावायला लागली. मेन्यू फूड्स या कॅनडातल्या कंपनीने ६ कोटींहून जास्त डबे आणि पाकिटं परत मागवली. ही कंपनी कितीतरी वेगवेगळ्या ब्रँडना माल बनवून द्यायची. लोकांना तेव्हा कळलं की दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेले स्वस्त आणि महाग डबे एकाच कारखान्यातून येऊ शकतात. परत मागवलेलं बहुतेक खाणं ओलं होतं, थोडं कोरडंही.

दोष निघाला चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये. त्यात मेलॅमिन मिसळलं होतं. मेलॅमिन म्हणजे ज्यापासून न फुटणाऱ्या प्लेट्स बनतात ते. का मिसळलं? यासाठी १८८३मध्ये जावं लागतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोजन मोजायची पद्धत शोधली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून नायट्रोजन मोजा, ६.२५ने गुणा, आलं प्रथिनांचं प्रमाण. आज पाकिटावर ‘क्रूड प्रोटीन’ लिहिलेलं असतं ते याच हिशोबावर उभं आहे. ‘क्रूड’ म्हणजे ढोबळ. मेलॅमिनमध्ये ६६ टक्के नायट्रोजन असतो. चिमूटभर टाकलं की कागदावर प्रथिनं वाढतात. पोटात मात्र सायन्युरिक आम्लाबरोबर त्याचे खडे बनतात आणि मूत्रपिंडं बंद पडतात.

पुढच्याच वर्षी, २००८मध्ये, हीच भेसळ चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत सापडली. सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली, ६ बाळं गेली. मांजरांनी एक वर्ष आधी इशारा दिला होता.

मग पाकीट कसं वाचायचं?

एवढा इतिहास ऐकल्यावर आता पिशवी हातात घ्या. मी काय बघते ते सांगते.

पहिलं, समोरचं चित्र सोडा, पाठ फिरवा. ‘कंप्लीट अँड बॅलन्स्ड’ किंवा तशा अर्थाची ओळ आहे का, आणि ती मांजरासाठी, कुठल्या वयासाठी आहे? ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलं असेल तर तो खाऊ आहे, जेवण नव्हे. ॲफ्को किंवा युरोपातल्या फेडियाफचं नाव असेल तर निदान कुठल्या मापाने मोजलंय ते कळतं.

दुसरं, घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्यामुळे ‘चिकन’ पहिल्या नंबरवर दिसलं तरी वाळल्यावर ते मागे पडू शकतं. ‘चिकन मील’ म्हणजे पाणी आणि चरबी काढून दळलेली भुकटी. ऐकायला बरं वाटत नाही, पण प्रथिनांच्या हिशोबात ती दाट असते. मका, मक्याचं ग्लुटेन, तांदूळ, तांदळाचा कोंडा असे तुकडे पाडून लिहिलं असेल तर मनात बेरीज करा. ‘बाय-प्रॉडक्ट’ला नाक मुरडू नका. काळीज, यकृत, फुप्फुस, उंदीर खाताना मांजर हेच तर खातं. नाव मोघम असेल, कुठल्या प्राण्याचं ते लिहिलंच नसेल, तर मात्र प्रश्न विचारा.

तिसरं, आकडे. प्रौढ मांजरासाठी ॲफ्कोचं किमान प्रमाण २६ टक्के प्रथिनं, पिल्लांसाठी ३० टक्के, पाणी वगळून. समजा पाकिटावर प्रथिनं ३२ आणि पाणी १० टक्के आहे. ३२ भागिले ९० केलं की आले साधारण ३५.५ टक्के. डब्यावर प्रथिनं ८ आणि पाणी ८२ असेल तर ८ भागिले १८, म्हणजे ४४ टक्के. आठ हा आकडा बत्तीसपेक्षा ‘मोठा’ निघाला! पाणी वगळल्याशिवाय तुलना करूच नका.

कर्बोदकं बहुतेक पाकिटांवर नसतात. ती वजाबाकीने काढायची. १०० मधून प्रथिनं ३२, चरबी १०, तंतू ४, राख ८ आणि पाणी १० वजा करा. उरले ३६. एक तृतीयांशाहून जास्त वाटी पिष्टाची. अंदाजच आहे, कारण पाकिटावर किमान आणि कमाल आकडे असतात. पण दोन पिशव्यांची तुलना करायला पुरतो.

चौथं, पाणी. उंदरात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, दाण्यात १०. मांजर वाळवंटी पूर्वजांचं, त्याला तहान कमी लागते. कोरड्या दाण्यांवरचं मांजर जास्त पाणी पितं, पण सगळी भर भरून काढतंच असं नाही. १९८०च्या दशकात मूतखड्यांवर उपाय म्हणून कंपन्यांनी मॅग्नेशियम कमी केलं आणि लघवी आम्लधर्मी होईल असं खाणं बनवलं. एका प्रकारचे खडे कमी झाले, कॅल्शियम ऑक्झलेटचे वाढले. पुन्हा तोच धडा. म्हणून घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा, जमेल तेव्हा ओलं खाणं द्या. आणि बोका वारंवार लिटरमध्ये बसतोय पण लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा. तासांचा खेळ असतो.

पाचवं, मोजून द्या. घरात राहणाऱ्या ४ किलोच्या, नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी पुरतात. दाण्यात ग्रॅममागे साडेतीन ते चार असतात. म्हणजे ५० ते ६० ग्रॅम, दिवसभरात. आपली ‘मूठभर’ बहुतेक वेळा याहून मोठी असते.

शेवटी गुंड्या

गुंड्या आता पाच वर्षांचा आहे. डोळे शाबूत, रात्री तीन वाजता भिंतीवरची पाल बरोबर दिसते. सकाळी मोजून दाणे, संध्याकाळी थोडं ओलं खाणं, नाहीतर उकडलेलं चिकन. ड्राय फूड मी बंद केलेलं नाही. महाग आणि ओलं सगळ्यांना परवडत नाही, आणि असंख्य मांजरं चांगल्या दाण्यांवर म्हातारी होतात. फक्त आता पिशवीवर मांजराचं चित्र आहे म्हणून मी ती घेत नाही.

मागच्या दिवाळीत आजी आली होती. मी चष्मा सावरत पाकिटाची पाठ वाचतेय बघून हसली. “मांजराला काय वेगळं रांधायचं,” पुन्हा तेच. मी म्हटलं, “आजी, तुझ्या मांजरांना उंदीर होते गं. याला कोण आहे?” ती थोडा वेळ गुंड्याकडे बघत राहिली. मग ताटातला बांगड्याचा तुकडा काढला, काटे नीट निवडले, आणि त्याच्या वाटीत ठेवला. टॉरिन त्यातही भरपूर असतं.

तुमच्या सोसायटीत कोणी मांजरांना कुत्र्याचे दाणे घालत असेल, माझ्यासारखंच न कळून, तर हा भाग त्यांना पाठवा. भांडू नका, फक्त पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि पाकिटाची पाठ वाचत राहा!